विश्लेषण : धानाच्या बियाण्यावरील ‘पीकेव्ही’मधला ‘पी’ कोण? पंजाबराव देशमुख, कृषी विद्यापीठ आणि लाखनीची बांधी

मृग लागला की लाखनीच्या कृषी केंद्रांत बियाण्यांच्या पिशव्यांची चळत लागते. पऱ्हे टाकण्याची घाई असलेला शेतकरी दुकानदाराकडे वाणाचे नाव सांगतो. कोणी एचएमटी मागतो, कोणी साकोलीचा वाण, तर कोणी एखाद्या खासगी कंपनीचा संकरित वाण. या नावांमध्ये ‘पीकेव्ही’ ही तीन अक्षरे वर्षानुवर्षे ऐकू येत आली आहेत. पंजाबराव कृषी विद्यापीठ, असा त्यांचा अर्थ. अक्षरे सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण त्यातले पहिले अक्षर ज्या माणसाचे आहे त्याचा आणि लाखनीच्या बांधीचा संबंध काय, हे फारसे कोणी विचारत नाही. विद्यापीठ म्हणजे केवळ परीक्षा आणि पदव्या, असे मानण्याच्या काळात हा संबंध समजून घेण्याजोगा आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या चरित्रात विद्यापीठाने आपल्या भागासाठी काय करायचे असते, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सापडते.

पंजाबरावांची सुरुवात कोठून झाली?

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखीमुळे देशमुख हे नाव रूढ झाले. घर शेतकऱ्याचे. गावात शिकण्याची सोय जेमतेम, त्यामुळे पुढच्या प्रत्येक इयत्तेसाठी गाव बदलणे आले. चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती असे करत त्यांचे शालेय शिक्षण पूर्ण झाले आणि महाविद्यालयासाठी ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गेले. विदर्भातील शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षणासाठी घरापासून किती दूर जावे लागते, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही.

१९२० मध्ये ते विलायतेला निघाले. त्यासाठी वडिलांनी जमीन गहाण ठेवून पैसा उभा केला. एडिंबरा येथे त्यांनी एम.ए. केले, शिष्यवृत्ती मिळवली, बॅरिस्टर झाले आणि ऑक्सफर्डमधून डॉक्टरेट घेतली. प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. हा ग्रंथ पुढे १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. वेदांवर संशोधन करणारा हा विद्वान एखाद्या विद्यापीठात संस्कृतचा प्राध्यापक होऊन सुखाने राहू शकला असता. बॅरिस्टरीतही पैसा होताच. पण ज्या शिक्षणाचे भांडवल शेतजमिनीतून आले, त्याची परतफेड शेतीलाच झाली पाहिजे, असे त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाकडे पाहिले की वाटते.

विलायतेहून परतल्यावर त्यांनी काय केले?

१९२६ मध्ये पंजाबराव अमरावतीला परतले. वकिली सुरू केली, पण त्याच सुमारास त्यांनी श्रद्धानंद छात्रालयाच्या कामाला हात घातला. खेड्यातून येणाऱ्या सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे आणि शिकावे अशी ही व्यवस्था होती. त्या काळात शाळा उघडण्यापेक्षा वसतिगृह उघडणे जास्त अवघड होते. शाळेत मुले वेगवेगळी बसवता येत, वसतिगृहात पंगत एकच असे. पुढच्या वर्षी त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाई स्वतः सार्वजनिक कामात उतरल्या आणि नंतरच्या काळात राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९२७-२८ मध्ये झालेल्या चळवळीत पंजाबराव पुढे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या चळवळीच्या निमित्ताने अमरावतीत आले होते. १९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचा निर्णय घेतला. प्राथमिक शिक्षणावरील खर्च भागवण्यासाठी कर वाढवण्याचे अप्रिय कामही त्यांनी केले.

या सगळ्यात शेती कोठे आहे, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर १९२७ मध्ये त्यांनी बांधलेल्या शेतकरी संघात आहे. वऱ्हाडातील शेतकरी कापूस पिकवत होता, पण भाव ठरवण्यात, कर्जाच्या अटी ठरवण्यात आणि कायदे करण्यात त्याचा हात नव्हता. त्याला संघटित करायचे तर त्याला वाचता-लिहिता आले पाहिजे, हे पंजाबरावांचे सूत्र होते. म्हणून त्यांच्याकडे शाळा आणि शेतकरी संघटना ही दोन वेगळी कामे कधीच नव्हती.

कर्ज लवाद कायदा काय होता?

१९३० मध्ये पंजाबराव मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि प्रांताचे मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही दोन्ही खाती त्यांच्याकडे आली. काळ जागतिक मंदीचा होता. शेतमालाचे भाव कोसळले होते, पण कर्जाचे आकडे मात्र जुन्या भावांच्या हिशेबाने लिहिलेले होते. दहा खंडी विकून जे फिटले असते, ते आता वीस खंडी विकूनही फिटेना. जमिनी सावकारांच्या नावावर चढू लागल्या.

यावर उपाय म्हणून आलेल्या कर्ज लवाद कायद्याशी पंजाबरावांचे नाव जोडले गेले आहे. मध्यप्रांतात हा कायदा १९३३ मध्ये झाला. त्याची रचना साधी होती. ऋणको आणि धनको या दोघांनाही एका मंडळापुढे बोलवायचे, खरे देणे किती हे तपासायचे, तडजोडीने ते कमी करायचे आणि उरलेल्या रकमेचे झेपतील असे हप्ते पाडायचे. कर्ज बुडवण्याची मुभा त्यात नव्हती; शेतकरी शेतीत टिकून राहील अशा बेताने ते फेडण्याची सोय होती. भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. म्हणजे पंजाबरावांच्या कामाशी या भागाचा पहिला संबंध बियाण्यातून नव्हे, तर कर्जाच्या कागदातून आला. १९३३ मध्येच ते मंत्रिपदावरून बाजूला झाले.

शिक्षण संस्थेचे गणित काय होते?

मंत्री असतानाच, १९३२ मध्ये, त्यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. संस्थेचा आधार सरकारी अनुदानापेक्षा शेतकऱ्यांच्या वर्गण्यांवर जास्त होता. शाळा शहरात काढून खेड्यातल्या मुलांची वाट पाहायची, ही जुनी रीत होती. पंजाबरावांनी शाळा तालुक्याच्या गावी आणि मोठ्या खेड्यांत नेल्या. पुढे महाविद्यालये आली, त्यात शेतीचे शिक्षणही आले. आज विदर्भभर पसरलेल्या या संस्थेचा विस्तार पाहिला की विद्यापीठाच्या कल्पनेची पूर्वतयारी त्यात दिसते. आधी मुलगा शिकला पाहिजे, मग शिकलेला मुलगा शेतीकडे पाठ फिरवणार नाही असे शिक्षण उभे राहिले पाहिजे.

यातला दुसरा भाग अवघड होता आणि आजही आहे. लाखनीसारख्या ठिकाणी समर्थ महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे आसपासच्या खेड्यांतील मुलामुलींना पदवीपर्यंत घराजवळ शिकता आले. पण पदवी घेतल्यावर पुढे काय, याचे उत्तर बहुतेक वेळा नागपूर, पुणे किंवा हैदराबादच्या गाडीत बसणे हेच असते. शिक्षणाने माणूस गावाबाहेर पडतो. गावात काही परत येते का, हा खरा प्रश्न आहे. पंजाबरावांच्या आयुष्याचा उत्तरार्ध या प्रश्नाभोवती फिरतो.

दिल्लीतील दहा वर्षांत धानासाठी काय झाले?

संविधान सभेचे सदस्य म्हणून पंजाबरावांनी शेतकरी आणि मागासवर्गीयांच्या बाजूने आवाज उठवला. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत ते अमरावतीतून लोकसभेवर गेले. १९५२ ते १९६२ या काळात केंद्र सरकारमध्ये त्यांच्याकडे शेतीशी संबंधित जबाबदारी राहिली. देशात धान्याची टंचाई होती, रेशनच्या रांगा होत्या आणि परदेशातून धान्य आणावे लागत होते.

अशा वेळी १९५३ मध्ये भातलागवडीच्या जपानी पद्धतीची देशव्यापी मोहीम सुरू झाली. पंजाबराव या मोहिमेचे खंदे पुरस्कर्ते होते. पद्धतीत जादू काही नव्हती. मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे पोचट बी काढून टाकायचे. गादीवाफ्यावर कमी बियाणे टाकून दणकट पऱ्हे तयार करायचे. बांधीत भरपूर खत द्यायचे. एका ठिकाणी मोजकीच रोपे ओळीत लावायची, म्हणजे मधून निंदण आणि कोळपणी करता येते. आज लाखनीतील कोणत्याही कृषी मेळाव्यात या गोष्टी नेहमीच्या वाटतील, कारण गेल्या सत्तर वर्षांत त्या वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा सांगितल्या गेल्या आहेत.

मोहिमेने उत्पन्न वाढू शकते हे दाखवून दिले, तसे तिच्या मर्यादाही दाखवल्या. ओळीतली रोवणी करायला जास्त बाया लागतात, जास्त वेळ लागतो. पाणी हाताशी नसेल तर वेळ साधत नाही. भंडारा जिल्ह्यात तर एकाच गावात कन्हार, मोरांड, सिहार अशा वेगवेगळ्या जमिनी सापडतात आणि प्रत्येकीचे पाणी धरण्याचे वागणे निराळे. दिल्लीत छापलेले एकच पत्रक या सगळ्यांना लागू पडत नाही. कोणत्या जमिनीत काय चालते, हे त्याच भागात राहून वर्षानुवर्षे तपासणारी संस्था हवी. सरकारी खात्यातला अधिकारी तीन वर्षांनी बदलून जातो. पिकाचा नवा वाण तयार व्हायला मात्र सहज दहा वर्षे लागतात.

याच काळात, १९५५ मध्ये, पंजाबरावांनी भारत कृषक समाज ही शेतकऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली. १९५९ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्यामागे मुख्य प्रेरणा त्यांची होती. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या वेळी दिल्लीत आले होते आणि प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाला उपस्थित होते. देशोदेशीची दालने पाहायला भारतातील खेड्यांतून शेतकरी दिल्लीला गेले.

कृषी महाविद्यालये होती, मग विद्यापीठ कशाला?

नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ पासून होते. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठही स्थापन झाले. तरीही वेगळे कृषी विद्यापीठ हवे, असा आग्रह का धरला गेला?

कारण तीन कामे तीन घरांत विभागलेली होती. महाविद्यालयात शिकवले जाई, परीक्षा सर्वसाधारण विद्यापीठ घेई. संशोधन केंद्रे शेतीखात्याकडे. शेतकऱ्यापर्यंत माहिती नेणारी माणसे त्याच खात्याच्या दुसऱ्या शाखेत. शिकवणाऱ्याला शेतातली अडचण कळत नसे, संशोधकाला विद्यार्थी भेटत नसत आणि गावात जाणाऱ्याच्या हाती नवे काही नसे.

अमेरिकेत याला वेगळी वाट सापडली होती. तेथे १८६२ च्या कायद्याने प्रत्येक राज्याला सरकारी जमीन देऊन, तिच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी करण्यात आली. १८८७ मध्ये त्यांना प्रयोगकेंद्रे जोडली गेली आणि १९१४ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान नेण्याचे विस्तारकार्य. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एका छपराखाली आली. भारतात डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. १९६० मध्ये पंतनगर येथे या धर्तीवरचे देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. पंजाबराव केंद्रात होते त्या दशकातच हा विचार कागदावरून जमिनीवर उतरला. विदर्भालाही असे विद्यापीठ मिळावे, ही त्यांची इच्छा होती.

ती पूर्ण झालेली पाहायला ते राहिले नाहीत. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

मग विद्यापीठ अकोल्याला कसे आले?

सहज आले नाही. राज्यात कृषी विद्यापीठाचा कायदा १९६७ मध्ये झाला, तेव्हा ते कोठे असावे यावरून वाद पेटला. पश्चिम महाराष्ट्राचा आग्रह राहुरीसाठी होता, विदर्भाचा अकोल्यासाठी. १९६७ च्या ऑगस्टमध्ये अकोल्यात आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि त्यात आंदोलकांचे प्राण गेले. विद्यापीठासाठी माणसे रस्त्यावर उतरून मरण पत्करतात, ही गोष्ट आज अनेकांना खरी वाटणार नाही. पण त्या लोकांसाठी तो पदव्यांचा प्रश्न नव्हता. आपल्या जमिनीवर, आपल्या पिकांवर संशोधन आपल्या भागात होणार की नाही, हा प्रश्न होता.

१९६८ मध्ये राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ राहुरीत सुरू झाले. त्यानंतर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात विदर्भासाठी पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. परभणी आणि दापोली येथील विद्यापीठे १९७२ मध्ये आली. म्हणजे एका विद्यापीठावरून सुरू झालेला वाद शेवटी प्रत्येक विभागाला स्वतंत्र विद्यापीठ देऊन मिटला. हवामान आणि पिके वेगळी असतील तर विद्यापीठही वेगळे हवे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. अकोल्याच्या विद्यापीठाचे नाव आता डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असे आहे. विदर्भाचे अकराही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

लाखनीला त्याचा काय उपयोग?

अकोला लाखनीपासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. अकोल्याचा शेतकरी कापूस, सोयाबीन, तुरीचा, लाखनीचा धानाचा. तिकडे काळी कोरडवाहू जमीन, इकडे मामा तलाव, बोडी आणि धुऱ्यांनी अडवलेल्या पाण्याच्या बांध्या. विद्यापीठ केवळ अकोल्यात राहिले असते तर लाखनीला त्याचा उपयोग नावापुरताच झाला असता. उपयोग झाला तो त्याच्या फांद्यांमुळे. पूर्व विदर्भासाठी सिंदेवाही येथे विभागीय संशोधन केंद्र आहे आणि लाखनीहून वीसेक किलोमीटरवर साकोलीला कृषी संशोधन केंद्र आहे. कृषी विज्ञान केंद्रही साकोलीलाच आहे. लाखनी पूर्वी साकोली तालुक्याचाच भाग होता, त्यामुळे हे केंद्र परके नाही.

या केंद्राचे महत्त्व एका उदाहरणाने समजते. या पट्ट्यातील धानावर गादमाशीचा त्रास जुना आहे. या किडीमुळे फुटव्याच्या जागी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी निघते आणि त्या फुटव्याला लोंबीच येत नाही. दुसरीकडे उत्तम ठरलेला वाण येथे आणून लावला आणि त्या वर्षी गादमाशी आली, तर बांधी हिरवी दिसते पण कोठीत काही येत नाही. म्हणून किडीच्या माहेरीच वाण तपासावा लागतो. जो तेथे टिकतो, तोच या भागाच्या कामाचा. साकोली-६, साकोली-७, साकोली-८ यांसारखे वाण अशा तपासणीतून पुढे आले आहेत.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. धान हे स्वतःचे परागीभवन स्वतः करणारे पीक आहे. सुधारित वाणाचे बियाणे एकदा घेतले की शेतकरी नीट निवड करून दोन-तीन हंगाम घरचेच बी वापरू शकतो. संकरित वाणाचे बी मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागते. म्हणून सार्वजनिक संस्थेचा चांगला सुधारित वाण म्हणजे लहान शेतकऱ्याच्या दरवर्षीच्या खर्चातली बचत असते. विद्यापीठाचा शास्त्रज्ञ वाणाचे पैदासकार बियाणे तयार करतो, त्यापासून पायाभूत आणि मग प्रमाणित बियाणे होते. या साखळीत बीजोत्पादन करणाऱ्या स्थानिक शेतकऱ्यांनाही बाजारातल्या धानापेक्षा जास्त भाव मिळू शकतो. साखळीतली एक कडी निसटली तर वाण कागदावर राहतो आणि दुकानात दुसरेच काही विकले जाते.

दुसरा उपयोग माणसांचा. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहावे लागते. शेतकऱ्याच्या बांधीवर जायचे, मातीचे नमुने घ्यायचे, बीजप्रक्रिया करून दाखवायची, असा हा कार्यक्रम. काही ठिकाणी तो फलकासमोर छायाचित्रापुरता उरतो, ही तक्रार खरी आहे. पण तो नीट झाला तर दोन्ही बाजूंना शिकवतो. धान कापणीआधी ओलाव्यावर लाखोळी फेकण्याची उतेरा पद्धत किंवा पाळीने तलावाचे पाणी सोडण्याचा गावातला शिरस्ता, हे धडे महाविद्यालयाच्या वर्गात मिळत नाहीत.

एचएमटीचा वाद काय सांगतो?

विद्यापीठ आणि भाग यांच्यातली देवाणघेवाण एकतर्फी नसते, हे पूर्व विदर्भाच्याच एका शेतकऱ्याने दाखवून दिले. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी. १९८३ मध्ये त्यांना पटेल-३ या धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी राखून ठेवल्या, दरवर्षी निवडत गेल्या आणि बारीक तांदळाचा एक नवा वाण तयार केला. त्या काळातल्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. पूर्व विदर्भात तो भराभर पसरला, शेजारच्या राज्यांतही गेला.

१९९४ मध्ये विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने या वाणाचे बियाणे घेतले आणि १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी या नावाने वाण प्रसारित झाला. मूळ निवड आपली असताना श्रेय मिळाले नाही, ही खोब्रागडे यांची व्यथा होती. विद्यापीठाची बाजू अशी होती की, शुद्धीकरण आणि शास्त्रीय चाचण्या करून एकसारखे बियाणे उपलब्ध करून देण्याचे काम त्याने केले. २००५ मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते खोब्रागडे यांचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या हलाखीची चर्चा राज्यभर झाली.

शुद्धीकरण हे खरे काम आहे. त्याशिवाय वाण वर्षागणिक मिसळत जातो. पण निवड हेही तितकेच खरे काम आहे आणि ते प्रयोगशाळेत झाले नाही. शेतकऱ्याच्या वाणावरचा हक्क मान्य करणारा केंद्रीय कायदा २००१ मध्ये झाला, तो या वाणाच्या प्रसारानंतर. ज्या विद्यापीठाला शेतकऱ्यांच्या नेत्याचे नाव आहे, त्याच्या वाणाच्या नावात शेतकऱ्याचेही नाव शोभले असते. पंजाबरावांच्या चरित्राच्या मापाने पाहिले तर हे देणे अजून फिटलेले नाही.

विद्यापीठाकडून आता काय अपेक्षा ठेवायची?

पहिली अपेक्षा जवळच्या केंद्रांना बळ देण्याची. संशोधन केंद्रात शास्त्रज्ञांच्या जागा भरलेल्या नसतील, प्रक्षेत्राला पाणी नसेल, तर वाणतपासणीचा एखादा हंगाम बुडतो आणि बुडालेला हंगाम पैसे देऊन परत आणता येत नाही. पूर्व विदर्भासाठी वेगळे कृषी विद्यापीठ असावे, अशी मागणी अधूनमधून होते. ते होवो वा न होवो, साकोली आणि सिंदेवाही मजबूत असणे ही त्याआधीची गरज आहे.

दुसरी अपेक्षा बांधीच्या पुढचे पाहण्याची. धानाचे पैसे आधारभूत खरेदी केंद्रावर संपत नाहीत. भरडाई, कोंड्यापासून तेल, बारीक सुगंधी तांदळाची वेगळी विक्री, तलावातील मासेमारी, धानानंतरचे दुसरे पीक यांत गावातल्या तरुणांना काम मिळू शकते. येथे कृषी विद्यापीठाने एकटे पुरे पडण्याची गरज नाही. लाखनीतली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. वाणिज्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब ठेवायला शिकावे, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मामा तलावांतील पाणी आणि गाळाच्या नोंदी ठेवाव्यात, असे काम साकोलीच्या केंद्राला जोडून करता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

तिसरी अपेक्षा शेतकऱ्यांकडूनही आहे. संशोधन केंद्र हे सरकारी कार्यालय नसून सार्वजनिक मालमत्ता आहे. पऱ्हे पिवळे पडले तर दुकानदाराने दिलेली बाटली फवारण्याआधी रोप उपटून साकोलीला नेऊन दाखवता येते. बांधीत वेगळी लोंबी दिसली तर ती खुणेची काडी लावून राखता येते आणि नोंद करून केंद्राकडे देता येते. दादाजींनी तेच केले. नोंदीचे महत्त्व मात्र सगळ्यांना उशिरा कळले.

पापळच्या एका शेतकऱ्याने मुलाच्या शिक्षणासाठी जमीन गहाण टाकली. त्या मुलाने आधी शेतकऱ्यांची संघटना, मग शाळा, मग कर्जाचा कायदा उभा केला आणि शेवटी त्याच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. येत्या हंगामात लाखनीचा शेतकरी ‘पीकेव्ही’ लिहिलेली पिशवी घेईल तेव्हा त्याने ती उपकार म्हणून घेऊ नये. ती त्याच्या वाट्याची परतफेड आहे. बियाणे कमी उगवले, सल्ला वेळेवर आला नाही किंवा केंद्राला कुलूप दिसले, तर जाब विचारण्याचा हक्कही त्यातच आला.